दुकानातला स्पीकर, घरातला स्पीकर

"दुकानात एवढे मस्त वाजत होते भाऊ, घरी आनल्यावर काहून असे गुमगुम करून राह्यले?"

स्पीकर घेणाऱ्याचे प्रश्न दोन असतात. पैसे मोजायच्या आधी तो विचारतो, 'कोणता घेऊ?' त्याला दुकानदार, मेहुणा, शेजारचा साउंड सर्व्हिसवाला, सगळेच उत्तर देतात. पैसे मोजून झाल्यावर त्याला वरचा प्रश्न पडतो, आणि तेव्हा मात्र आसपास कुणी नसतं. आपण या दुसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करू. तो सुटला की पहिल्याचं उत्तर बरंचसं हाती येतं.

उदाहरणासाठी घर घेऊ रिद्धपुरातलं. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातलं हे गाव गोविंदप्रभूंचं, महानुभावांचं तीर्थ आणि आता मराठी भाषा विद्यापीठाचंही. भोवती संत्र्याच्या बागा आणि कपाशी. घर नवं आहे: विटांच्या भिंती, सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स. समोरची खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच. परदेशी पुस्तकांत भेटणाऱ्या प्रशस्त, गालिचे अंथरलेल्या खोल्या आपल्या कामाच्या नाहीत. आपले बहुतेक कानसेन अशाच दहा-बाराच्या खोलीत राहतात.

१. एक पडदा आणि एक अडचण

स्पीकरच्या आत एक लोहचुंबक असतं. त्याच्या फटीत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं, म्हणजे कॉईल, लोंबतं. ते कागदाच्या किंवा प्लास्टिकच्या शंकूला, आपल्या बाजारातल्या भाषेत 'कोन'ला, चिकटवलेलं असतं. तारेतून बदलती वीज गेली की कॉईल पुढे-मागे हलते, कोन हलतो, हवा ढकलली जाते. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये ही रचना नीट मांडली. शंभर वर्षं झाली तरी लग्नाच्या डीजेपासून दिवाणखान्यातल्या महागड्या जोडीपर्यंत बहुतेक सगळे स्पीकर याच तत्त्वावर चालतात. अपवाद आहेत. ताणलेला अतिपातळ पडदा विजेच्या दाबानं हलवणारे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर इंग्लंडच्या क्वाड कंपनीनं १९५७ मध्ये बाजारात आणले, आणि आपल्या पुण्याच्या केडन्स कंपनीनंही त्या जातीचे स्पीकर बनवले. पण आपलं काम साध्या कोनवाल्याशी आहे.

आता अडचण. माणसाच्या कानाला सेकंदाला २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. आपल्या हवामानात ध्वनी सेकंदाला सुमारे १,१४० फूट धावतो. म्हणजे २० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी ५७ फूट, आणि २०,००० हर्ट्झची पाऊण इंचाहूनही कमी. इतक्या टोकाच्या दोन लाटा एकाच कोनाकडून नीट निघत नाहीत. खर्जासाठी बरीच हवा ढकलणारा मोठा कोन लागतो, तर तार सुरांसाठी झपाट्यानं हलणारा हलका. म्हणून एका डब्यात खर्जाचा वूफर आणि तार सुरांचा ट्विटर असे दोघं बसवतात आणि कोणते सूर कुणाकडे जायचे ते क्रॉसओव्हर नावाचा छोटा सर्किटबोर्ड ठरवतो. या क्रॉसओव्हरमध्येच स्वस्त स्पीकरवाले काटकसर करतात, कारण तो बाहेरून दिसत नाही.

२. माठावरचा स्पीकर

सुटा स्पीकर हातात धरून वाजवला तर किरकिरा लागतो, खर्ज जवळजवळ नाहीच. कोन पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. कडेवरून वळून दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. लांब लाटांना हे वळण सोपं जातं, म्हणून खर्ज आधी मरतो.

यावरचा इलाज खेड्यापाड्यांत कधीच सापडला होता. पानटपरीवर, सलूनमध्ये माठाच्या तोंडावर बसवलेला स्पीकर तुम्ही पाहिला असेल. मागची हवा माठात कोंडली गेली, म्हणून खर्ज शिल्लक राहिला. शिवाय माठ गोल आणि टणक, त्याच्या भिंती थरथरत नाहीत. मात्र माठावरचा स्पीकर एकाच सुराला जास्त घुमतो. आतली थोडी हवा स्प्रिंगचं काम करते आणि जागा जितकी कमी, तितकी ही स्प्रिंग ताठर. मग ठरावीक सुराला ती स्वतःच उसळते.

हीच कोंडलेली हवा कामाला जुंपायची युक्ती एडगर व्हिल्चर यांनी अमेरिकेत १९५४ मध्ये वापरली. त्यांनी कोनाची कड मुद्दाम सैल ठेवली आणि त्याला सावरायचं काम बंद डब्यातल्या हवेकडे दिलं. कपाटाएवढे स्पीकर त्यामुळे पुस्तकांच्या फळीवर आले. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात, कोणत्या वूफरला किती लिटरचा डबा हवा याची गणितं बांधून दिली. सुताराकडून हौसेनं स्पीकरचे डबे करून घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: वूफरबरोबर त्याचे थील-स्मॉल आकडे मिळत नसतील तर लाकडावर पैसे घालू नका. डबा सागवानी असला तरी माप चुकलेला डबा माठासारखाच घुमणार.

३. परातीतलं पाणी

आता घुमण्याचं मोठं कारण. ते स्पीकरच्या आत नाही, खोलीत आहे.

मोठ्या परातीत दोन बोटं पाणी घ्या आणि परात हलकेच डावी-उजवीकडे हलवा. कशीही हलवली तर पाणी नुसतं डुचमळतं. पण एका विशिष्ट लयीत हलवली की पाणी एका काठाला चढतं, मग दुसऱ्या काठाला, आणि थोड्याशा ढकलण्यानं भलतंच उसळायला लागतं. बारकाईनं पाहा: काठांना पाण्याची चढउतार सगळ्यात जास्त, आणि बरोबर मध्यावर जवळजवळ काहीच नाही. ही लय तुमच्या हातानं ठरवलेली नाही, परातीच्या रुंदीनं आणि पाण्याच्या उंचीनं ठरवलेली आहे.

खोलीतली हवा तशीच वागते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लाटेची अर्धी लांबी नेमकी बसते, तो सूर खोलीत उसळतो. हिशेब सोपा आहे: १,१४० ला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीनं भागा.

आपली खोली १२ फूट लांब. १,१४० भागिले २४ म्हणजे ४७.५ हर्ट्झ.
रुंदी १० फूट. १,१४० भागिले २० म्हणजे ५७ हर्ट्झ.
उंचीही १० फूट. पुन्हा ५७.

रुंदी आणि उंची सारखीच निघाल्यानं ५७ हर्ट्झचा सूर दोन बाजूंनी उसळतो. सिनेमातल्या गाण्यांमधल्या किक ड्रमचा ठोका बहुधा ५० ते ८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. झालं! गुमगुम तिथूनच येते. आणि खोली १० बाय १०, उंचीही १० असेल तर लांबीही त्याच सुराला हातभार लावते. ऐकण्याच्या दृष्टीनं चौकोनी ठोकळ्यासारख्या खोलीहून वाईट खोली नाही, आणि नेमकी तीच बांधायची आपल्याकडे आवड आहे. दुकानात असं होत नाही, कारण दुकान लांबट असतं, समोरून सताड उघडं असतं आणि आत खोक्यांच्या राशी असतात. जुन्या घरांतही हा त्रास कमी होता. लाकडी माळा, कौलं, मोठमोठी दारं यांतून खर्ज बाहेर निसटायचा. काँक्रीटचा स्लॅब त्याला निसटू देत नाही.

हौशी वाचकांसाठी एक गंमत. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. जानेवारीच्या पहाटे खोलीत १० अंश असतील तर १० फुटांचा सूर ५५ हर्ट्झच्या आसपास असतो. मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की तोच ५८ च्या पुढे सरकतो. वऱ्हाडात खोलीचाही स्वर उन्हाळ्यात चढतो म्हणायचा!

भिंती हलवता येत नाहीत, पण बसायची जागा हलवता येते. परातीत काठाला पाणी चढतं, तसा भिंतीशी खर्ज साचतो. म्हणून मागच्या भिंतीला पाठ टेकून बसलात की गुमगुम सर्वांत जास्त. नेमके मध्यावर बसलात तर लांबीचा तो सूर ऐकूच येणार नाही आणि खर्ज पोकळ वाटेल. आपल्या खोलीसाठी मांडणी अशी: स्पीकर समोरच्या दहा फुटी भिंतीपासून २ फूट पुढे, एकमेकांपासून ६ फूट दूर, बाजूच्या भिंतींपासून प्रत्येकी २ फूट. तुम्ही मागच्या भिंतीपासून ४ फूट पुढे. म्हणजे स्पीकरच्या रेषेपासून तुमच्यापर्यंत ६ फूट उरतात. सुतळी घेऊन दोन्ही स्पीकरचं तुमच्या नाकापासूनचं अंतर मोजा, ते सारखंच हवं. ट्विटर कानाच्या उंचीला आणा. खुर्चीवर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून सव्वातीन फुटांच्या आसपास असतो, गादीवर मांडी घालणाऱ्याचा बराच खाली. बैठकीवर ऐकणाऱ्यानं म्हणूनच बाजारातले उंच स्टँड घेऊ नयेत. चार विटा आणि वर शहाबादीचा तुकडा पुरतो.

कोपऱ्यात, टीव्हीच्या कपाटात, शोकेसच्या वर ठेवलेले स्पीकर हे सगळं गणित बिघडवतात. घरच्या मंडळींशी यावरून वाद होणार, हे धरूनच चला.

४. कापूस इथे पिकतो

खोलीतली दुसरी कटकट वेगळी आहे. खर्ज घुमतो, तर वरचे सूर भिंतींवर आपटत राहतात. टाळी वाजवून पाहा. मोकळ्या खोलीत ती झणझणत राहते आणि मग शब्द एकमेकांत मिसळतात.

हे मोजायची रीत वॉलेस सॅबिन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकानं घालून दिली. विद्यापीठातलं एक नवं व्याख्यानगृह इतकं घुमायचं की बोललेलं कळायचंच नाही. सॅबिन १८९५ पासून रात्री-रात्री तिथे शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडत आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजत. त्यांनी शोषणाचं माप ठरवलं ते मोठं छान: उघडी खिडकी. तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

त्यांच्या सूत्रानं आपली खोली ढोबळ मोजू. आवाज विरायचा वेळ म्हणजे खोलीचं घनफळ गुणिले ०.०४९, भागिले एकूण शोषण. घनफळ १,२०० घनफूट, म्हणून वरची संख्या ५८.८. भिंती, छत, फरशी मिळून पृष्ठभाग ६८० चौरस फूट. गिलावा आणि टाइल्स आवाजाचा साधारण अडीच टक्के भाग शोषतात, म्हणजे १७ चौरस फूट 'उघडी खिडकी'. ५८.८ भागिले १७ म्हणजे सुमारे साडेतीन सेकंद! देवळाच्या गाभाऱ्याला शोभेल, दिवाणखान्याला नाही.

३ बाय ७ फुटांचं दार उघडलं तर २१ मिळाले, एकूण ३८. वेळ दीड सेकंदावर आला. एका दारानं अर्ध्याहून अधिक काम झालं, पण शेजाऱ्यांचं काय? दार लावा आणि कापसाकडे वळा. सहा बाय चारची चांगली पिंजलेल्या कापसाची जाड गादी मधल्या सुरांचा सत्तरेक टक्के भाग गिळते, म्हणजे एक गादी सुमारे १७. चार गाद्या ६८, खोलीचे मूळ १७, एकूण ८५. वेळ आला ०.७ सेकंदावर. दोन माणसं आणि जाड पडदे धरले की अर्ध्या सेकंदाच्या जवळ, आणि घरात एवढंच हवं. लोड-तक्क्यांची बैठक असलेल्या जुन्या दिवाणखान्यांत गाणं चांगलं का लागायचं, ते यात आलं.

गाद्या कुठे लावायच्या याला आरसा पुरतो. तुम्ही जागेवर बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथूनच आवाज उसळून तुमच्याकडे येतो. तिथे जाड गोधडी टांगा, भिंतीपासून तीन-चार इंच सोडून. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, त्यानं फारसं काही होत नाही. आणि कापसाकडून खर्जाची अपेक्षा धरू नका. ५७ हर्ट्झची लाट २० फुटांची, तिला चार इंच कापूस जाणवतही नाही. तिच्यासाठी बसायची जागा बदलणं हाच घरगुती उपाय.

५. खोक्यावरचे वॅट

१९९० च्या दशकात डेकच्या खोक्यावर '२००० वॅट पीएमपीओ' असं छापलेलं असायचं. पीएमपीओ म्हणजे क्षणार्धासाठी, कसल्याही अटीत निघेल असा कमाल आकडा. तो कुणी कसाही काढी. खोकं उलटं करा, मागच्या पट्टीवर विजेचा वापर लिहिलेला असतो. तिथे ६० वॅट असेल तर दोन हजार वॅट सतत बाहेर येणार कुठून? खरा आकडा आरएमएस या नावाखाली शोधा.

पण खरे वॅटही फार लागत नाहीत. स्पीकरच्या कागदावर 'सेन्सिटिव्हिटी' असते, समजा ८६ डेसिबल. एका वॅटला एक मीटरवर इतका आवाज. तुम्ही दोन मीटरवर बसता, तिथे ६ डेसिबल कमी. स्पीकर दोन, म्हणून ३ जास्त. हाती आले ८३. समोरासमोर बोलणं ६०-६५ डेसिबलचं असतं, म्हणजे एका वॅटमध्येच आवाज भरपूर झाला. वॅट दसपट केले की १० डेसिबल वाढतात आणि कानाला आवाज ढोबळमानानं दुप्पट वाटतो. तबल्याच्या अचानक थापेसाठी, सनईच्या उंच सुरासाठी थोडी राखीव ताकद ठेवली तरी ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर या खोलीला पुरून उरतो.

वायरीचं एका ओळीत: तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची साधी वायर पाच मीटर लांब घेतली तर जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहम, स्पीकरचा ८. हजारो रुपयांची वायर विकणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा.

६. पडद्याआड

आता 'कोणता घेऊ?' कॅनडात ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी अनेक वर्षं लोकांना पडद्याआड ठेवलेले स्पीकर ऐकवले. ब्रँड, आकार, किंमत दिसत नसली की लोकांच्या आवडी बऱ्याच जुळतात, हे त्यांतून दिसलं. बहुतेकांना आवडतो तो कुठलाही सूर न फुगवणारा स्पीकर, आणि समोरच्यासारखाच बाजूलाही समतोल आवाज फेकणारा. पुढे १९९४ मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर, तीच माणसं एकदा डोळ्यांसमोर आणि एकदा पडद्याआड तपासली. निकाल बदलले. मोठा, देखणा स्पीकर दिसला की गुण वाढले.

म्हणून निवड करताना दुकानदाराला पाठ करून बसा आणि नोकराला अदलाबदल करू द्या. दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा लावून घ्या, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला 'चांगला' वाटतो आणि विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं. सोबत तीन-चार जणांना न्या, पण मतं वेगवेगळी विचारा. महानुभाव पंथातल्या म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं ते ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून, विचारून. रिद्धपूरकराला ही रीत शिकवायची गरज नसावी.

ऐकायचं काय? दुकानाची चकचकीत डेमो सीडी नको. तुम्हाला पाठ असलेलं न्या. तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं या भागात घरोघरी माहीत. खंजिरीत चामड्याची थाप आणि झांजांची किणकिण एकाच वेळी येते. ट्विटर भडक असेल तर झांजा कान टोचतात, मंद असेल तर त्या नुसत्या खुळखुळतात. अकोट भागातले सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या घेऊन बसतात. त्या सातांचे सूर वेगळे कळतात का, की सगळ्या एकीसारख्याच वाटतात? मग तानपुरा. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकला असेल तर खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. लहान स्पीकर हा मूळ सूर अर्धवटच देतात, तरी वरच्या स्वरांवरून कान तो भरून काढतो. खर्ज फुगवलेल्या स्पीकरवर मात्र तानपुरा भुंग्यासारखा गुणगुणायला लागतो.

जुनी मोनो ध्वनिमुद्रणं सोडू नका. ॲलन ब्लमलिन यांनी स्टिरिओचं पेटंट १९३१ मध्ये मागितलं, पण स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५० च्या दशकाच्या शेवटी. त्याआधीचं गाणं दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत सारखं निघतं, म्हणून गायक बरोबर मध्यावर, रिकाम्या जागेत उभा राहायला हवा. तो डावीकडे सरकला तर मांडणी चुकलेली आहे. पसरट, दोन तुकड्यांत ऐकू आला तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी जोडली गेली आहे, ती आधी तपासा.

शक्य असेल तर अमरावतीच्या दुकानदाराकडून जोडी एका रात्रीपुरती घरी मागा. ओळखीच्या गिऱ्हाइकाला पुष्कळ जण नाही म्हणत नाहीत. चार दुकानं फिरून जे कळत नाही, ते घरच्या खोलीत तासाभरात कळतं.

७. कूलर आणि जुना माल

एप्रिल ते जून वऱ्हाडात कूलरशिवाय बसता येत नाही, आणि चालू कूलरच्या घरघरीत हळू आलाप बुडतो. त्या दिवसांत पहाटे ऐका, नाहीतर ठुमरी-भजनांवर भागवा, विलंबित ख्याल पावसाळ्यावर टाका. कूलरच्या झोतात स्पीकर ठेवू नका. ओलसर हवेनं कागदी कोन जड होतो आणि डब्याचं दाबलेलं लाकूड कडांना फुगतं.

जुने स्पीकर घेणं हा मध्यमवर्गीय कानसेनाचा सर्वांत शहाणा मार्ग आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून जिल्ह्याच्या बाजारापर्यंत ते मिळतात. कोनाभोवतीची कड आधी पाहा. फोमची असेल तर आपल्या हवेत काही वर्षांत ती भुसभुशीत होते, बोट लावलं की भुगा पडतो. रबराची कड पुष्कळ वर्षं टिकते. मग तीन बोटं कोनाच्या मध्याभोवती समान टेकवून हलकेच आत दाबा. खरखर ऐकू आली तर कॉईल चुंबकाला घासते आहे. तो वूफर पुन्हा बांधून घ्यावा लागेल, त्याची मजुरी किमतीतून वजा करूनच भाव करा.